आधी वय विचारा

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत आमच्या घराला आजही दोन दारं आहेत. आतलं लाकडी, बाहेरचं लोखंडी जाळीचं. जाळीचं दार सप्टेंबर १९९४ मध्ये बसवलं. त्या महिन्यात आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना उसंत नव्हती. २६ ऑगस्टला पौड फाट्याजवळच्या एका सोसायटीत राठी कुटुंबाच्या घरात सात जणांची हत्या झाली होती. पाच स्त्रिया, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. मी तेव्हा आयएलएस लॉ कॉलेजात शिकत होते. रोज लुनावरून पौड फाट्यावरूनच कॉलेजला जायचे. त्या दिवसांत फाटा आला की नजर आपोआप खाली जायची. संध्याकाळी कुणी बेल वाजवली तर आई आधी खिडकीतून बघायची, दोन-तीनदा "कोण?" म्हणून विचारायची आणि मगच कडी काढायची.

आरोपी पकडले गेल्याची बातमी आली तेव्हा जेवताना मी म्हटलं होतं, "फाशीच व्हायला हवी." बाबांनी मान डोलावली होती. मी कायदा शिकत होते, पण आरोपींची वयं काय आहेत, हा प्रश्न मला पडला नाही. तो घरात, कॉलेजात, गल्लीत कुणालाच पडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं पंचवीस वर्षं मी जे काम केलं त्याचा गाभा तो एकच प्रश्न आहे. आणि माझ्या घरापासून लुनानं पाच-सात मिनिटांवर घडलेल्या गुन्ह्यात नेमका तोच विचारायचा राहून गेला होता.

१९९६ साली सनद मिळाली आणि मी शिवाजीनगर कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. सर कागद फार सावकाश वाचत. पोलिसांच्या कागदावर आरोपीची पहिली ओळ ठरलेली असते: नाव, वय, धंदा, राहणार. सर म्हणायचे, "वकील नाव वाचतो, पत्ता वाचतो. वय वाचून सोडून देतो. तिथं थांबायला शीक." वय कुठून येतं, हे त्यांनी मला दाखवून दिलं. बहुतेक वेळा ते हवालदाराच्या नजरेतून येतं. पोरगा उंच असेल, ओठावर लव असेल, तर एकोणीस. एकदा एकोणीस लिहिलं की पुढच्या प्रत्येक कागदावर एकोणीसच उतरतं. रिमांडच्या अर्जावर, दोषारोपपत्रावर, तुरुंगाच्या रजिस्टरावर. ते कुणी मुद्दाम लिहिलेलं नसतं, म्हणून ते तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

माझी पहिली मुलाची केस १९९९ ची. आमच्या शेजारच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या एक बाई होत्या, सुतारदऱ्याला राहायच्या. एका सकाळी त्या भांडी तशीच टाकून आमच्या दारात आल्या. मुलाला बांधकामावरून तांब्याची वायर चोरल्याच्या आरोपावरून पकडून महिना होत आला होता. तो येरवडा कारागृहात होता. "ताई, माझं पोरगं अजून दाढीसुद्धा करत न्हाई," त्या म्हणाल्या. कागदावर वय होतं एकोणीस. मी विचारलं, जन्म कधीचा? तारीख त्यांना माहीत नव्हती. पण, "इंदिरा गांधी गेल्या तवा ह्यो रांगत हुता," हे त्यांनी क्षणाचा विचार न करता सांगितलं. मी बोटं मोजली. पंधरा वर्षं.

तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात मुलगा सोळाच्या आत असेल तर बालक, मुलगी अठराच्या आत असेल तर बालक. बालकाला तुरुंगात ठेवता येत नव्हतं, कारावासाची शिक्षा देता येत नव्हती. म्हणजे हा मुलगा महिनाभर जिथं होता तिथं तो एक दिवसही असायला नको होता. पण आईनं सांगितलेली इंदिरा गांधींची खूण कोर्टात चालत नाही. कागद हवा होता.

कागद बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत होता. रात्रीची एसटी पकडून मी आणि त्या बाई निघालो. सकाळी मुख्याध्यापकांनी पत्र्याची पेटी उघडली, लाल फडक्यात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. बोट फिरवत ते एका ओळीवर थांबले. जन्मतारीख: १ जून १९८४. शाळा सोडण्याचं कारण: आईवडील ऊसतोडीस गेले. त्या बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर नुसता हात ठेवला.

मी पानावरच्या इतर ओळी बघितल्या. निम्म्याहून अधिक मुलं १ जूनला जन्मलेली. गुरुजी म्हणाले, "घरी झालेली बाळंतपणं. नोंद कुणी करत नाही. शाळा जूनमध्ये भरते. पोर सहा वर्षांचं दिसलं की आम्ही एक जून धरून सहा वर्षं मागं जातो." महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळांत शिकलेल्या एक-दोन पिढ्यांचा वाढदिवस असा ठरला आहे. आपल्या ओळखीत असे लोक सगळ्यांच्याच असतात, आणि आपण त्यावर हसून मोकळे होतो. त्या दिवसापासून मला मात्र ते हसू आलं नाही.

दाखल्यावर गुरुजींची सही आणि शाळेचा गोल शिक्का घेऊन आम्ही परतलो. अर्ज केला, रजिस्टरसह गुरुजींची साक्ष झाली, प्रकरण बाल न्यायालयाकडं गेलं. मुलगा येरवड्याच्या तुरुंगातून येरवड्याच्याच निरीक्षणगृहात आला, आणि तिथून काही दिवसांत आईकडं. एकूण एक्केचाळीस दिवस तो मोठ्यांच्या बराकीत होता. तिथं काय झालं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण पुढं तो जेव्हा जेव्हा माझ्या ऑफिसात यायचा, तेव्हा खुर्चीत बसायचा नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि दाराकडं बघत राहायचा. एका ओळीत चुकीचा आकडा पडला तर काय होतं, हे मला कुठल्याही निकालपत्रानं इतकं शिकवलं नाही.

१ एप्रिल २००१ पासून नवा कायदा लागू झाला आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी वय अठरा झालं. बाल न्यायालयाच्या जागी बाल न्याय मंडळ आलं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. पुण्याचं मंडळ येरवड्याला निरीक्षणगृहाच्या आवारातच बसतं. तिथं आरोपीचा कठडा नाही, न्यायाधीशांचा चौथरा नाही. टेबलाच्या पलीकडं मंडळ, अलीकडं मुलगा आणि त्याचे आईवडील. पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, मुलाला बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढं आणायचं. भाषासुद्धा बदलली. आरोपी नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. हा शब्द बोजड आहे, पहिल्यांदा उच्चारताना माझीही जीभ अडखळली होती. पण 'आरोपी हजर हो' असा पुकारा ऐकून मान खाली घालणारं पोर मी पाहिलं आहे. त्यामुळं शब्द बोजड असला तरी तो असायला हवा, असं माझं मत आहे.

मंडळाच्या कामात सगळ्यात मोलाचा कागद कुठला, असं कुणी विचारलं तर मी परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल, असं सांगेन. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात. हा अधिकारी मुलाच्या घराचा तपास करतो. बाप काय करतो, दारू पितो का, शाळा कधी सुटली, का सुटली, मित्र कोण, घरात झोपायला जागा किती. कोथरूडची ओळख बाहेर वेगळी आहे. पण टेकडीच्या उतारावर सुतारदरा, केळेवाडी, किष्किंधानगर हेही कोथरूडच आहे. मयूर कॉलनीतल्या घराघरांत सकाळी सातला जी बाई येते, तिचा मुलगा त्या वेळी तिकडं एकटा असतो. माझ्याकडं आलेल्या कितीतरी अहवालांत ही एक ओळ वेगवेगळ्या शब्दांत आलेली आहे: आई कामावर, मुलगा दिवसभर बाहेर.

कागदावर माझा इतका विश्वास बसला होता की कागदाचीच ठेच लागेल, असं वाटलं नव्हतं. ती २००९ साली लागली. क्रिकेटच्या मैदानावर मारामारी झाली, एकानं स्टंप डोक्यात घातला, दुसरा मुलगा दगावला. तारीख १० जून. ज्यानं स्टंप घातला त्याचं शाळेतलं वय त्या दिवशी अठरा वर्षं नऊ दिवस होतं. रजिस्टरात अर्थातच १ जून. आई सांगत होती, "श्रावणातला आहे हो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा." तिचं खरं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. श्रावण धरला तर तो सतराच वर्षांचा होता. पण जन्माची नोंद नव्हती, आणि शाळेचा दाखला असताना हाडांची तपासणी करून वय ठरवण्याचा मार्ग कायद्यानं ठेवलेला नव्हता. शाळेची नोंद हाच पुरावा. मी तीन तारखांना युक्तिवाद केला आणि हरले. मुलगा सत्र न्यायालयात गेला, त्याला शिक्षा झाली. न्यायालयानं कायदा बरोबर लावला. चूक बारा वर्षांपूर्वी, जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरताना झाली होती. त्या गुरुजींना तरी काय ठाऊक, की आपण सोयीसाठी लिहिलेली तारीख एक दिवस माणसाच्या आयुष्याची वर्षं मोजणार आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत निर्भया सामूहिक बलात्काराची घटना घडली. सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा होता. त्यानंतर मला एक प्रश्न सतत विचारला जाऊ लागला, लग्नात, भाजी घेताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये: "तुम्ही अशांना वाचवता का?" आईनंही एकदा विचारलं. मी तिला म्हटलं, "मी गुन्ह्याच्या बाजूनं उभी राहत नाही. मुलाच्या बाजूला उभी राहते." तिचं समाधान झालं नाही. २०१५ चा कायदा आला, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा, तर मंडळ त्याची प्राथमिक चाचपणी करतं. त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची कुवत, गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला. त्यावरून खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, ते ठरतं. हे कलम मला पटलेलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाची कुवत गुन्ह्यानंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, चार प्रश्न विचारून मागं जाऊन मोजता येते, असं मला वाटत नाही. पण कायदा आहे तो आहे. वकिलानं त्याच्या आत राहून शब्दाशब्दाला धरून भांडायचं असतं.

तसं एकदा भांडले. पुण्यात अलीकडं 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आहे. माझ्याकडं आलेला मुलगा साडेसोळा वर्षांचा होता. हातात कोयता घेऊन मोबाइलवर रील केलेली, आणि पुढं खरोखरच एकाच्या हातावर वार केलेला. कलम खुनाच्या प्रयत्नाचं. प्रकरण निर्घृण गुन्ह्यात धरून चाचपणीकडं निघालं होतं. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा सांगितलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ज्या गुन्ह्याला सात वर्षांची किमान शिक्षा नाही तो 'निर्घृण' या व्याख्येत बसत नाही. त्या आधारावर प्रकरण मंडळाकडंच राहिलं.

मुलाला समुपदेशन आणि परिविक्षा मिळाली. दर पंधरा दिवसांनी हजेरी, पौड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये काम, रात्रशाळेत दहावी. ज्याच्यावर वार झाला, त्या तरुणाच्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. मी त्याच्या घरी गेले होते. त्याच्या वडिलांनी मला चहा दिला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा पोरगा सुधारला तर बरंच आहे. पण आमच्याकडं कुणी येऊन विचारलं नाही, ह्याचं कसं चाललंय." त्यांचं म्हणणं खरं होतं. मुलाला सुधारण्याची संधी देणारी व्यवस्था ज्याला इजा झाली त्याच्या घरी गेली नाही, तर ती अर्धीच व्यवस्था. पुढं गॅरेजमधला पहिला पगार झाला तेव्हा मुलगा परिविक्षा अधिकाऱ्यांबरोबर त्या घरी गेला. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

चार वर्षांनी तोच मुलगा एक फॉर्म घेऊन आला. सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा. त्यात एक रकाना होता: 'आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' पेन हातात धरून तो विचारत होता, "काय लिहू?" मी त्याला कायद्याचं चोविसावं कलम वाचून दाखवलं. मंडळापुढं झालेल्या प्रकरणामुळं बालकाला पुढं कुठलीही अपात्रता लागत नाही, ते त्याच्या नोकरीच्या आड येऊ शकत नाही. त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. नव्यानं सुरुवात करण्याचा हक्क, हे या कायद्याच्या तिसऱ्या कलमातलं तत्त्व आहे. कायद्यात ते एका ओळीत आहे. माझ्या समोर ते पेन धरून बसलं होतं.

आता १९९४ कडं परत येते.

राठी हत्याकांडातल्या दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. माझ्या मनात ते प्रकरण तिथं बंद झालं होतं. २८ मार्च २०२३ च्या सकाळी आई पेपर वाचत होती. तिनं चष्मा काढला आणि मला हाक मारली. दोघांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षं सहा महिन्यांचा होता, असं मान्य करून सर्वोच्च न्यायालयानं आदल्या दिवशी त्याची सुटका करण्याचा आदेश दिला होता.

मी निकाल मिळवून तीनदा वाचला. त्याचं नाव निकालपत्रात आणि सगळ्या बातम्यांत छापलेलं आहे, पण बालकाचं नाव उघड करायचं नाही, हा नियम पाळायची मला इतक्या वर्षांची सवय आहे, म्हणून इथं लिहीत नाही. २०१८ मध्ये त्यानं अर्ज केला होता. गुन्ह्याच्या वेळी बालक असल्याचा दावा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. आणि पुरावा काय निघाला? राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या जालबसर गावच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरातली एक ओळ. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. खटल्याच्या कागदांवर एक नाव, शाळेत दुसरं, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच आहे, हे पटवण्यात बराच युक्तिवाद खर्ची पडला. बारा वर्षांचा मुलगा इतकं क्रूर कृत्य करू शकेल का, हा प्रश्न न्यायाधीशांनाही पडला. पण तेवढ्या शंकेवर विश्वासार्ह कागद बाजूला सारता येत नाही, असं त्यांनी म्हटलं.

केजच्या शाळेतलं लाल फडकं मला आठवलं. तीच पेटी, तीच धूळ, तीच एक ओळ. फक्त इथं ती ओळ बघायला कुणी गेलं तोवर २८ वर्षं उलटून गेली होती. त्यांतली बरीच फाशीच्या सावलीत गेली. बाराव्या वर्षी आत गेलेला मुलगा एक्केचाळिसाव्या वर्षी बाहेर आला. १९९४ मध्ये लागू असलेल्या कायद्यानंसुद्धा त्याला फाशी किंवा कारावास देता येत नव्हता. आजच्या कायद्यानं बारा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृहात ठेवता येतं.

आई पेपर हातात घेऊन बसली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिनंच त्या घटनेनंतर जाळीचं दार बसवून घेतलं होतं. ती म्हणाली, "बारा वर्षांचा? मग तेव्हा कुणी विचारलं कसं नाही?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मीही विचारलं नव्हतं.

मी यात कुणा एकाकडं बोट दाखवत नाही. पोलीस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो कागद किती जणांच्या हातून गेला असेल. सगळ्यांनी नाव वाचलं, कलमं वाचली. वय वाचून सोडून दिलं. आणि गुन्हा इतका भयंकर होता की त्यापुढं वयाचा प्रश्न विचारणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान, असं सगळ्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. पण नेमकं तिथंच आपण फसतो. वय विचारणं ही दया नाही, तपासाची पहिली पायरी आहे. १९९४ च्या सप्टेंबरात कुणी बिकानेरला जाऊन ते रजिस्टर बघितलं असतं, तर त्या मुलाचं प्रकरण त्याच वर्षी योग्य ठिकाणी गेलं असतं. आणि ज्या घरात सात माणसं गेली, त्या घरालाही जे काही उत्तर मिळायचं ते तेव्हाच मिळालं असतं. त्याऐवजी त्यांना सांगितलं गेलं की न्याय झाला, आणि २८ वर्षांनी सांगितलं गेलं की तो तसा नव्हता. उशिरा विचारलेल्या प्रश्नानं दोन्हीकडं अन्याय केला.

वनाझला मेट्रोत बसलं की एकच मार्गिका सिव्हिल कोर्टावरून येरवडा आणि कल्याणीनगरला जाते. माझ्या कामाची सगळी ठिकाणं आता एका रांगेत आली आहेत. कल्याणीनगर आलं की १९ मे २०२४ ची पहाट आठवते. सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी तीनशे शब्दांच्या निबंधासह काही अटींवर जामीन झाला आणि सगळं शहर संतापलं. संताप रास्त होता. दोन घरांतली मुलं गेली होती, आणि पुढं रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली मोठ्या माणसांना अटक झाली. मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, जूनमध्ये उच्च न्यायालयानं त्याची सुटका केली, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी मंडळानं फेटाळली.

त्या दिवसांत मला अनेकांनी विचारलं, तुमचं मत काय? माझं मत आजही तेच आहे. बालकाला जामीन हा कायद्यानं नियम केला आहे, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. पण केळेवाडीच्या मुलासाठी जामीनदार मिळत नाही, बापाला तारखेला सुटी मिळत नाही, आणि नियम कागदावर राहून मुलगा आठवडेच्या आठवडे आत राहतो. श्रीमंताच्या मुलाला मिळालेला कायदा काढून घेणं, हा या रागावरचा इलाज नाही. तोच कायदा, तितक्याच तत्परतेनं, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला मिळायला हवा. आणि दोघांच्याही बाबतीत, ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात व्यवस्थेनं स्वतःहून जायला हवं.

इतक्या वर्षांत शिकलेलं मी वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगू इच्छिते, कारण हे वकिलाशिवाय करता येतं. घरात मूल जन्मलं की एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करा, आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या नातवंडाची झाली आहे का, तेही विचारा. शाळेत नाव घालताना खरी तारीख सांगा, १ जून लिहू देऊ नका. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही मुलाला पोलिसांनी नेलं तर त्यानं काय केलं, हे विचारण्याच्या आधी त्याचं वय विचारा आणि ते कागदावर बरोबर लिहिलं गेलं आहे का, ते स्वतः बघा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढं आणावंच लागतं, आणि वकील मोफत मिळतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आमच्या घराचं जाळीचं दार अजून तिथंच आहे. ते काढा, असं मी आईला कधी म्हटलं नाही. पण दारात कुणी मुलासाठी आलं, तर मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारते: जन्म कधीचा?